उघाडी कुणी आणि कधी उघडायची? खारबंदिस्तीचे ज्ञान आणि नवी मुंबईचे धारण तलाव

खाडीकाठ

शाश्वत विकासातले स्थानिक ज्ञान म्हटले की भाषणात वारली चित्र येते, नाचणीची भाकरी येते, आणि टाळ्या पडतात. या धाग्यात ते नको. एकच गोष्ट धरू या, जी आपल्या पायाखाली आहे.

ठाणे खाडीच्या दोन्ही काठांवर, म्हणजे कोलशेत-बाळकुमपासून कळवा-खारेगाव आणि पलीकडे ऐरोली, घणसोली, वाशी, करावे, बेलापूरपर्यंत, आगरी आणि कोळी गावांनी खाडीचे पाणी बांधाने अडवून भात पिकवले. बांधात जागोजागी उघाडी असे. उघाडी म्हणजे दगडी मोरी आणि तिच्या खाडीकडच्या तोंडाला वरून टांगलेली लाकडी झडप. भरती आली की बाहेरचे पाणीच झडप दाबून बंद करते, ओहोटीला आतले पाणी तिला ढकलून बाहेर जाते. वीज नाही, पंप नाही.

१९७० मध्ये नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको हे सरकारी महामंडळ आले आणि शहर याच सखल पट्ट्यात वसले. पावसाचे पाणी भरतीच्या वेळी साठवायला धारण तलाव खोदले आणि त्यांच्या तोंडाला झडपा बसवल्या. याला आजही 'डच पद्धत' म्हणतात. डच लोकांनी ते केले, हे खरेच. पण तीच युक्ती इथल्या बांधांवर आधीपासून चालू होती.

माझे म्हणणे एवढेच की आपण झडप घेतली, पण झडपेभोवतीचे ज्ञान घेतले नाही. तिथी पाहून काम कधी काढायचे, गळती कशी ओळखायची, कोणत्या महिन्यात भरतीला आत घ्यायचे, आणि हे सगळे रोज पाहणारा माणूस कोण, हे मागेच राहिले. ज्यांना यातले नेमके ठाऊक आहे त्यांनी मापांसकट लिहावे. 'पूर्वी सगळे चांगले होते' छापाचे प्रतिसाद कृपया नकोत.

---

भरतीवेळा

सुरुवात घड्याळापासून करतो, कारण बाकी सगळे त्यावर चालते.

कोळीवाड्यातला हिशेब असा: तिथीला ३ ने गुणा, ४ ने भागा, आलेला आकडा म्हणजे भरतीची वेळ. शुद्ध असो वा वद्य, तिथी प्रतिपदेपासून मोजायची. बीज असेल तर दीड वाजता, पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमेला सव्वाअकरा. दुसरी भरती साधारण १२ तास २५ मिनिटांनी, आणि दोहोंच्या मध्ये ओहोटी. हा हिशेब पाऊण तास इकडे-तिकडे होतो. शिवाय तो मुंबई बंदराजवळच्या समुद्राचा आहे, खाडीच्या टोकाला, कोपरी-कळव्याकडे, पाणी आणखी उशिरा चढते. पण 'आज उघाडीवर सकाळी जायचे की दुपारी' हे ठरवायला एवढे पुरते.

वेळेइतकीच उंचीही महत्त्वाची. मुंबईच्या सरासरी पातळ्या अशा (उधाण म्हणजे पौर्णिमा-अमावस्येच्या सुमाराची मोठी भरती-ओहोटी, भांग म्हणजे अष्टमीच्या सुमाराची लहान):

उधाणाची भरती ४.४२ मीटर
भांगाची भरती ३.३० मीटर
समुद्राची मध्यम पातळी २.५१ मीटर
भांगाची ओहोटी १.८६ मीटर
उधाणाची ओहोटी ०.७६ मीटर

म्हणजे उधाणात पाणी साडेतीन मीटरहून जास्त वर-खाली होते आणि भांगात दीड मीटरही नाही. आता उघाडीचा उंबरा समजा २ मीटरवर आहे. उधाणाच्या ओहोटीत पाणी उंब-याखाली सव्वा मीटर उतरते, उघाडी धो धो वाहते. भांगात ते उंब-याखाली जेमतेम १४ सेंटीमीटर जाते. त्यामुळे अष्टमी-नवमीला संततधार लागली तर भरती मोठी नसतानाही तलाव हळू रिकामा होतो. 'आज तर भरतीसुद्धा नव्हती, मग पाणी का तुंबले' याचे एक उत्तर इथे आहे.

सगळ्यात मोठे उधाण पौर्णिमा-अमावस्येला येते असे धरतात, प्रत्यक्षात ते एक-दोन दिवस मागून, प्रतिपदा-बीजेच्या सुमारास येते. कॅलेंडर बघून बंदोबस्त लावणारे पौर्णिमेची रात्र जागतात आणि दुसऱ्या दिवशी निर्धास्त होतात. व्हायला नको.

---

ऐरोलीची_माई

एक शंका. पावसाळ्यात बातम्यांत '४.८ मीटरच्या लाटा उसळणार' असे येते. तुम्ही दिलेली ४.४२ ती हीच का?

---

भरतीवेळा

हो माई, हीच मोजणी, आणि ती लाट नव्हे. खूप खालच्या ओहोटीच्या पातळीला शून्य धरून मोजलेली ती पाण्याची पातळी आहे. समुद्र शांत असला तरी पाणी तिथवर चढणारच. लाटा त्याच्या वर वेगळ्या. खाडीच्या आत मोठ्या लाटा येतही नाहीत, म्हणून ऐरोलीकराने 'लाटा' हा शब्द सोडून आकडा तेवढा वाचावा.

---

बांधबंदिस्ती

बांधाबद्दल लिहितो. दिवा, खार्डी, बेतवडे भागात खारबांध अजून बघायला मिळतात.

माती: खाडीचीच चिकणमाती, ओली असताना मोठी ढेकळे कापून. एका ढेकळावर दुसरे नुसते ठेवायचे नाही, पायाने तुडवून एकजीव करायचे. थर वीतभराचा, फार तर ३० सेंटीमीटर. एका हंगामात सगळी उंची गाठायचा हट्ट धरायचा नाही. खालचा चिखल मऊ असतो, एकदम भार टाकला की बांध खाली बसतो आणि बाजूची जमीन फुगून वर येते. पोकलेनने दोन दिवसांत उभा केलेला बांध पहिल्याच पावसाळ्यात का झोपतो, त्याचे मुख्य कारण हे. शिवाय ही माती वाळताना आकसते, म्हणून उंची हवी त्यापेक्षा पाचवा हिस्सा जास्त ठेवतात.

उतार: खाडीकडे १ ला ३, शेताकडे १ ला २. माथा उधाणाच्या सर्वांत वरच्या खुणेच्या मीटरभर वर.

माती कुठून काढू नये: बांधाच्या पायथ्यातून. तिथे खणलेला चर म्हणजे बांध घसरायला केलेली सोय. पायथ्यापासून निदान बांधाच्या उंचीच्या दुप्पट अंतर सोडून खणावे.

राडारोडा: हा अलीकडचा रोग. पाडलेल्या इमारतींचे तुकडे फुकट मिळतात म्हणून बांधात भरतात. त्यातून पाणी झिरपते, चिकणमातीशी तो सांधत नाही, वजनाने खाली जातो, आणि वरून बांध भक्कम दिसत राहतो. झिरपणारा पण भक्कम दिसणारा बांध हा सर्वांत घातक.

गळती ओळखणे: चिंबोऱ्यांची बिळे ही बांधाची नेहमीची दुखणी. भरतीच्या वेळी शेताकडच्या पायथ्याने चालत जायचे. झिरपणारे पाणी नितळ असेल तर लक्ष ठेवावे, गढूळ असेल तर त्याच ओहोटीला काम काढावे, कारण गढूळ पाणी म्हणजे बांधाच्या पोटातली माती वाहते आहे. बीळ खाडीकडच्या तोंडापासून खणून, ओल्या चिकणमातीने ठासून भरायचे. तोंडाला नुसते सिमेंट फासले तर आतली पोकळी तशीच राहते आणि चिंबोरी शेजारी नवे दार काढते.

आता खांड. बांध फुटून पडलेले खिंडार म्हणजे खांड, आणि ती बांधणे हे या सगळ्या विद्येतले सर्वांत अवघड काम. दोन्ही बाजूंनी माती ढकलत मध्ये गाठ मारायची, हे कुणालाही सुचते. तसे केले की तोंड जसे अरुंद होते तसा पाण्याचा वेग वाढतो, तळ खरवडला जातो, आणि शेवटच्या दोन मीटरना टाकलेली माती कुठे जाते कळत नाही. जाणत्यांची रीत अशी:

१. आधी फुटलेली दोन्ही टोके खुंट आणि बांबूच्या तट्ट्यांनी बांधून घ्यायची, म्हणजे खांड रुंदावत नाही.

२. उघाडी सताड उघडी ठेवायची, म्हणजे आतल्या-बाहेरच्या पाण्यातला फरक कमी होऊन खांडीवरचा ओढा घटतो.

३. खांडीच्या पूर्ण रुंदीत खुंटांच्या दोन रांगा ठोकायच्या, रांगांना तट्ट्या लावायच्या, आणि मधल्या जागेत पेंढा व मातीची ढेकळे एकाच वेळी सगळीकडे, तळापासून सारखी, चढवत आणायची. पाणी वरून पातळ पसरून वाहिले पाहिजे, एका जागी कोंडता कामा नये.

४. काम सप्तमी-अष्टमीच्या भांगाला काढायचे. तिथून उधाण चढेपर्यंत आठवडाभर मिळतो. तेवढ्यात माथा उधाणाच्या वर गेलाच पाहिजे, अर्धवट राहिला तर पहिल्याच उधाणाला सगळे धुऊन जाते.

चौथा मुद्दा सगळ्यात जास्त मोडला जातो. कामाचा आदेश ज्या दिवशी हातात पडतो त्या दिवशी काम सुरू होते. तिथी कुणी पाहत नाही, आणि मग 'माती वाहून गेली' म्हणून दुसरे अंदाजपत्रक बनते.

---

नळपाणी

वरचा प्रतिसाद छापून ठेवण्यासारखा. खांड बांधायची जी रीत सांगितली आहे तीच जलशास्त्राच्या पुस्तकात 'तळापासून बंद करणे' म्हणून येते, कारणही हेच.

मी धारण तलावाचे गणित मांडतो. आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत, कुठल्या एका तलावाचे नाहीत.

पाणलोट १०० हेक्टर. भर भरतीचे ४ तास झडप बंद. त्या वेळात ताशी २५ मिलिमीटर, म्हणजे एकूण १०० मिलिमीटर पाऊस. डांबर-काँक्रीटमुळे ८० टक्के पाणी वाहून तलावात येते. झाले ८०,००० घनमीटर. तलाव १० हेक्टरचा असेल तर पातळी ८० सेंटीमीटर चढणार. तेवढी जागा रिकामी हवी. तळाशी ५० सेंटीमीटर गाळ साचून कामाची खोली ८० ऐवजी ३० उरली, तर उरलेले ५०,००० घनमीटर नाल्यांतून उलटे रस्त्यावर.

आता बाहेर जाण्याचे. मोरीचे तोंड ४ चौरस मीटर, आत-बाहेर पाण्यात सरासरी अर्ध्या मीटरचा फरक. सेकंदाला साडेसात घनमीटर जाते. ८०,००० घनमीटर जायला ३ तास. ओहोटीची खिडकी सुमारे ६ तासांची, म्हणजे आरामात. पण तोंड प्लास्टिक आणि गाळाने निम्मे बुजले की ६ तास लागतात. म्हणजे तलाव रिकामा होतो न होतो तोच पुढची भरती दारात. आणि मधल्या वेळात पाऊस थांबलेला नसतो!

म्हणून तलावाचा गाळ आणि झडपेचे तोंड ही दोन वेगळी कामे धरावीत. गाळ काढायला परवानग्या, यंत्रे, पैसा लागतो. तोंड साफ ठेवायला दोन माणसे, एक आकडा आणि भरतीचे वेळापत्रक लागते. दुसरे काम पहिल्याची वाट बघत अडून राहते, याला काही अर्थ नाही.

---

सेक्टर_चौदा

सगळे ठीक. पण २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला. त्यापुढे तुमची लाकडी झडप काय करणार? समुद्राची पातळीही वाढते आहे. पंप बसवा आणि मोकळे व्हा. भातशेतीचे तंत्र शहराला लावणे ही भाबडी हौस वाटते मला.

---

नळपाणी

@सेक्टर_चौदा, पंपाला माझा विरोध नाही. मुंबईत हाजीअली आणि इर्ला इथे सेकंदाला ६,००० लिटरचे सहा-सहा पंप आहेत. वरच्या उदाहरणातले ८०,००० घनमीटर असा एक पंप पावणेचार तासांत उपसेल. म्हणजे उपाय आहेच. पण तीन गोष्टी लक्षात घ्या.

पंप लावला तरी झडप लागतेच, नाहीतर उपसलेले पाणी भरतीबरोबर परत आत. पंपालाही तलाव लागतो, कारण पाऊस लहरीत येतो आणि पंप एका गतीने चालतो. तलाव गाळाने भरला की पंपाची क्षमता दुप्पट-तिप्पट धरावी लागते. आणि ज्या रात्री पंप हवा असतो त्याच रात्री वीज जाते, म्हणून डिझेलची सोय आली.

समुद्र चढतो आहे हा मुद्दा मात्र पूर्ण मान्य. पातळी जितकी चढेल तितकी ओहोटीची खिडकी लहान होईल आणि पंपाचे तास वाढतील. ९४४ मिलिमीटरच्या दिवशी काहीच पुरत नाही. प्रश्न वर्षातल्या त्या पाच-सहा दिवसांचा आहे, जेव्हा १०० ते १५० मिलिमीटर पडतो आणि तेवढ्यातही पाणी तुंबते. ते दिवस पंप न चालवता काढता येतात.

---

तिवरमित्र

धारण तलावांचा गाळ का निघत नाही, यावर कुणी बोलले नाही म्हणून लिहिते.

झडपेच्या फटीत लाकूड किंवा प्लास्टिक अडकते, बिजागरी गंजते, झडप चार बोटे उघडी राहते. रोज दोनदा खाडीचे गढूळ पाणी आत येते, शांत होते, गाळ टाकून जाते. त्या गाळावर तिवराचे, म्हणजे खारफुटीचे, रोप धरते. तिवराच्या बिया पावसाळ्यात, साधारण जुलै ते सप्टेंबर, पिकून पाण्यावर तरंगतात आणि मऊ गाळ मिळाला की काही दिवसांत मूळ टाकतात. दोन-तीन वर्षांत तलावाच्या कडेला तिवरवन. त्यानंतर तो तलाव नुसता तलाव राहत नाही. मुंबई उच्च न्यायालयाचा २००५ चा आदेश आणि २०१८ चा निकाल यांमुळे कांदळवन तोडणे, त्यावर भराव टाकणे बंद आहे, जमीन कुणाचीही असो. गाळ काढायला मग न्यायालयाची वाट.

हा कायदा चुकीचा, असे मी म्हणत नाही. तो नसता तर खाडीकाठ आज अख्खा भरावाखाली असता. ठाणे खाडी २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य आणि २०२२ मध्ये रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) झाली, ती याच तिवरांच्या जोरावर. पण तलावातले तिवर हे गळक्या झडपेचे अपत्य आहे. ते तोडावे की ठेवावे या वादात वर्षे जातात आणि झडप गळतच राहते.

रोप धरण्याआधी करायच्या गोष्टी: मे अखेर झडपेची फट बुजवणे. खाडीकडच्या तोंडापुढे दोन-अडीच मीटरवर तिरकी लोखंडी जाळी, सळयांत चार बोटे अंतर, म्हणजे ओंडके व पिशव्या झडपेपर्यंत पोचत नाहीत. तिवराची बी सळयांतून आरामात आत जाते, ती अडवायची तर पावसाळ्यात बारीक जाळे वेगळे टांगावे आणि दर ओहोटीला झटकावे. दुर्लक्ष केले तर तेच जाळे मोरी बुजवते, हे आधीच सांगून ठेवते.

बांधाबाहेर, खाडीकडे मात्र तिवर हवेच. लाटेचा जोर मोडतात, गाळ धरतात. जुन्या बांधांपुढे तिवराची पट्टी राखलेली असते ती उगाच नाही. बांधाच्या अंगावर झाड नको. झाड मेले की मुळांच्या जागी नळ्या राहतात आणि पाण्याला वाट मिळते.

---

करावेकर

तिवरताई, उघाडीचा घात करणारी आणखी एक गोष्ट राहिली. उघाडीच्या तोंडाशी ओहोटीला बोकशी (पिशवीसारखे जाळे) लावली की बोईस, कोळंबी, निवटी मिळते. म्हणून कुणी भरतीला झडपेखाली दगड सारून ठेवतो, पाण्याबरोबर मासळी आत यावी म्हणून. एका रात्रीच्या मासळीसाठी शेतात खारे पाणी! शेत आणि मासळी यांचा हा झगडा जुनाच. तो मिटायचा तो ठरावाने: मासळी कुणी धरायची ते ठरलेले, आणि झडपेची जबाबदारीही त्याच्यावरच.

---

रहू

थोडे अवांतर, पण खार जमिनीचा विषय भाताशिवाय पुरा होत नाही.

खारजमिनीत रोपांची लावणी नेहमीसारखी करत नाहीत. पहिले पाऊस जमिनीतले मीठ धुवायला वापरतात. पाणी शेतात साठू द्यायचे, एक-दोन दिवसांनी ओहोटीला उघाडीतून सोडायचे, असे तीन-चार वेळा. मग मोड आणलेले बी, म्हणजे रहू, चिखलावर फेकून पेरतात. घाई केली तर मोड खारटपणाने जळतो, उशीर केला तर पाणी वाढून बी वाहते. मीठ कमी झाले का, हे पूर्वी चाखून पाहत. आता क्षारता मोजायचा पेनसारखा मीटर मिळतो. मातीच्या अर्काची क्षारता ३ डेसिसायमन प्रतिमीटरपर्यंत भाताला चालते, ७ च्या आसपास उत्पादन निम्म्यावर येते.

बियाणे मिठाच्या पाण्यात निवडावे: १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ. तरंगेल ते पोचट, काढून टाका. बुडलेले दोन-तीन वेळा गोड्या पाण्यात धुवा, मगच मोड आणायला ठेवा. धुवायचे विसरलात तर मोड येणार नाहीत.

वाण: इथला राता. लाल तांदूळ, चिवट, उत्पन्न कमी पण खारे पाणी लागले तरी हातात काही देणारा. काळा राता आणि भुरा राता या खारपट्ट्यातल्या वाणांतून निवडी झाल्या आहेत. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने पनवेल १, २, ३ हे क्षार सोसणारे वाण दिले. गावचे बी आणि केंद्राचे काम एकमेकांना पूरक कसे होते, याचा हा सरळ दाखला.

आणि एक खूण. बांधाच्या आतल्या अंगाला मोरस ही खाऱ्या जमिनीतली रानभाजी उगवलेली दिसली की समजावे, तिथे खारे पाणी मुरते आहे. भाजी खुडून न्या, पण ती जागा लक्षात ठेवा.

---

खाडीकाठ

करावेकरांनी ठरावाचा मुद्दा काढला तो धाग्याच्या मुळाशी जातो.

खारबांध ही एकट्याची गोष्ट नव्हतीच. ज्याची जितकी जमीन बांधाआड तितके त्याचे श्रम किंवा धान्य बांधाच्या डागडुजीला. कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातल्या शिलोत्री म्हणवणाऱ्या खारजमिनींवर तर बाहेरच्या बांधासाठी धान्याचा वेगळा वाटा घेत. नंतर १९४८ चा मुंबई खार जमीन कायदा आला, मग १९७९ चा महाराष्ट्र खार जमीन विकास कायदा. बांध सरकारी योजनेत गेले. त्याने मोठी कामे झाली, दगडी पिचिंग आले. पण चिंबोरीचे बीळ बुजवायलाही मग कागद लागू लागला, आणि बांधावर रोज चालणारा माणूस गेला.

गोव्यात खाजण शेतीत उघाडीला मानस म्हणतात, तिथेही हीच रड आहे. केरळात पोक्काळी शेतीने मात्र वेळापत्रक टिकवले: पावसाळ्यात भात, नोव्हेंबर ते एप्रिल खारे पाणी आत घेऊन कोळंबी. समुद्रसपाटीखालच्या कुट्टनाडच्या शेतीला २०१३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने जागतिक महत्त्वाचा कृषी वारसा मानले.

हेच हंगामी वेळापत्रक धारण तलावांना लावता येईल असे मला वाटते. कोरड्या महिन्यांत झडपा वर बांधून भरती-ओहोटी आत खेळू द्यावी. पाणी साचून शेवाळ धरत नाही, डास कमी, पाणपक्ष्यांना चिखल मिळतो. नेरूळच्या फ्लेमिंगो तलावातला शेवाळाचा प्रश्न भरतीचे पाणी अडल्यानेच झाला. मे महिन्याच्या शेवटच्या भांगाला झडपा खाली, फटी बंद, चाचणी. ऑक्टोबरात पुन्हा वर.

---

तिवरमित्र

अर्धी सहमत. कोरड्या महिन्यांत भरती आत घेतली की तिच्याबरोबर गाळही येणार, हे विसरू नका. पूर्ण झडप न उघडता वरच्या फळ्या तेवढ्या काढाव्यात. गाळ तळाशी जास्त असतो, वरून घेतलेले पाणी त्या मानाने स्वच्छ. जुन्या उघाड्यांना आतल्या अंगाला फळ्यांच्या खाचा असत, त्या याच कामाच्या.

आणि सगळ्या तलावांना एक नियम नको. ज्यात आधीच वन धरले आहे तिथे झडपेची चाल अचानक बदलली तर तिवर मरतात. श्वासमुळे दिवसेंदिवस पाण्याखाली राहिली की झाड गुदमरते.

---

खाडीकाठ

फळ्यांचा मुद्दा पटला. वरचे वाक्य 'झडपा वर बांधून' ऐवजी 'वरच्या फळ्या काढून' असे वाचावे.

---

सेक्टर_चौदा

हे करायचे कुणी? महापालिकेचा कनिष्ठ अभियंता तिथी बघत बसणार?

---

खाडीकाठ

नाही, आणि त्याने बघूही नये. दिवाळे, सारसोळे, करावे, घणसोली इथे आजही खाडीत उतरणारी माणसे आहेत. प्रत्येक उघाडीला एक मानधनावरचा राखणदार, जून ते सप्टेंबर रोज दोन ओहोट्या. त्याच्या हातात आकडा, विजेरी आणि नोंदवही: झडप पूर्ण मिटते का, तोंडात काय अडकले, आत-बाहेर पातळी किती. कंत्राटात गाळाचे घनमीटर मोजून बिल निघते. राखणदाराची ओळ स्वतंत्र घातली नाही तर ते काम होत नाही.

कागदी बाजू: २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली प्रत्येक स्थानिक संस्थेला समिती नेमून लोक जैवविविधता नोंदवही करायची असते. तिच्यात झाडा-माशांच्या याद्या भरतात. उघाड्यांच्या जागा, त्यांचे उंबरे, मासळीच्या वाटा आणि वेळा हेही तिच्यात बसते, फक्त माहिती देणाऱ्याचे नाव व संमती सोबत हवी. किनारा नियमन अधिसूचनेत भरती-नियंत्रक आणि खारे पाणी रोखणारी बांधकामे सरसकट निषिद्ध नाहीत, परवानगी मात्र लागते.

---

ऐरोलीची_माई

झडप कशाची असावी? लोखंडी गंजतात, लाकडी कुणी बनवत नाही. आणि पातळी मोजायच्या पट्टीवर शून्य कुठे धरायचे?

---

नळपाणी

झडपेचे: साधे लोखंड खाऱ्या पाण्यात टिकत नाही, विशेषतः बिजागरीची दांडी. झडप जाड पॉलिथिनची किंवा रंगवलेल्या बिडाची, दांडी ३१६ प्रतीच्या स्टेनलेस पोलादाची, बसायच्या कडेला रबरी पट्टी. स्टेनलेस दांडी साध्या लोखंडी कड्यात घालू नका, खाऱ्या पाण्यात ते कडे फार लवकर खाल्ले जाते. झडप हलकी असली तर थोड्या पाण्यातही उघडते, पण फार हलकी असेल तर नीट मिटत नाही. म्हणून तोंडाची चौकट उभ्या रेषेत न ठेवता खालची कड किंचित खाडीकडे पुढे काढतात, म्हणजे झडप स्वतःच्या वजनाने चौकटीवर टेकून राहते.

पट्टीचे: भरतीच्या तक्त्यातली उंची आणि जमिनीच्या नकाशातली उंची यांचे शून्य वेगळे असते. नकाशातले शून्य समुद्राच्या मध्यम पातळीवर, तक्त्यातले त्याच्या सुमारे अडीच मीटर खाली. सर्वेक्षणाच्या खुणेपासून उंची आणून त्यात २.५१ मिळवा, म्हणजे पट्टी तक्त्याशी जुळेल. दोन पट्ट्या हव्यात, एक तलावाकडे आणि एक खाडीकडे, दोहोंचे शून्य एकच. मग पाऊस नसलेल्या चार-पाच दिवशी भरतीच्या माथ्याला खाडीकडची पट्टी वाचा आणि तक्त्याशी ताडून पाहा. उंचीत आणि वेळेत जो ठरावीक फरक दिसेल तो तुमच्या जागेचा, तो नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. तलावाची पट्टी कोरड्या दिवसांतही भरतीबरोबर चढताना दिसली तर झडप गळते आहे, पाण्यात उतरून बघायची गरज नाही.